बर्फातली चाकोरी आणि खाडीचे मीठ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भाईंदर पूर्वेला खारी नावाचे गाव आहे. नावातच खारेपणा ऐकू येतो. मीरा-भाईंदरच्या या पट्ट्यात आज इमारतींची दाटी झाली असली, तरी खाडीकाठच्या मिठागरांची आठवण जुन्या माणसांच्या बोलण्यातून गेलेली नाही. पावसाळा सरला की बांध दुरुस्त करायचे, वाफ्यांची जमीन तुडवून, चोपून सपाट करायची, भरतीचे पाणी आत घ्यायचे आणि मग उन्हावर भरवसा ठेवून थांबायचे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी आटत आटत दहाव्या हिश्श्यावर आले म्हणजे मग कुठे मीठ धरू लागते. जूनचा पहिला पाऊस आला की हंगाम संपला.

आता या मिठाचा उत्तर युरोपातल्या बर्फाळ जंगलांशी काय संबंध, असे कुणीही विचारील. संबंध आहे, आणि तो गमतीचाही आहे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या देशांत मार्च-एप्रिलमध्ये हिवाळा सरत आला, बर्फ मऊ पडू लागला, म्हणजे स्कीच्या शर्यतींची वाट टिकवण्यासाठी बर्फावर चक्क मीठ टाकतात. रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात हे आपण ऐकलेले असते. तेच मीठ बर्फ घट्ट करण्यासाठी कसे काय चालते? त्या प्रश्नाकडे येऊच. पण त्याआधी ही स्कीची वाट म्हणजे काय आणि तिच्यासाठी माणसे एवढा आटापिटा का करतात, ते पाहायला हवे.

स्की म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी चित्रपटातली गुलमर्गची उतरण येते. रंगीत कपडे घातलेला नायक डोंगरावरून सुसाट खाली येतो. तो स्कीचा अलीकडचा अवतार. मूळ स्की ही उतरणीची चैन नव्हती, चालण्याची सोय होती. गुडघाभर बर्फात पाय रुततात, म्हणून पायाखाली लांब फळ्या बांधायच्या आणि घसरत पुढे जायचे. जुन्या नॉर्स भाषेत या शब्दाचा अर्थच मुळी चिरलेले लाकूड असा आहे. रशियाच्या उत्तरेला सिंडोर सरोवराजवळच्या दलदलीत लाकडी स्कीचे तुकडे सापडले, ते सुमारे ८ हजार वर्षांपूर्वीचे. स्वीडनमधल्या काल्वट्रेस्क येथे मिळालेली स्की सुमारे ५ हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे त्या भागात चाक पोहोचण्याच्या कितीतरी आधी तिथला माणूस स्कीवर चालत होता. शिकार, सरपण, सोयरीक, सगळे व्यवहार या दोन फळ्यांवर.

नॉर्वेत डिगरवार्डेन नावाच्या डोंगरावर बर्फ वितळत असताना २०१४ मध्ये एक जुनी स्की मिळाली आणि २०२१ मध्ये तिची जोडीदारीणही जवळच मिळाली. सुमारे १३०० वर्षांपूर्वीची ही जोडी. तिच्यावर पाय बांधण्याची वादीसुद्धा शाबूत होती. शास्त्रज्ञांना आनंद झाला, आणि तो होणारच. पण तेरा शतके न वितळलेला बर्फ आता वितळतो आहे, म्हणून ती सापडली, हेही विसरून चालणार नाही.

या देशांच्या इतिहासात स्कीला मानाचे पान आहे. आपल्याकडे गडाच्या वाटांवरून इतिहास सांगतात, तसा तिकडे बर्फावरच्या वाटांवरून सांगतात. १२०६ सालच्या हिवाळ्यात नॉर्वेत यादवी चालू होती. हॉकॉन हॉकॉनसन हा राजाचा जेमतेम दीड वर्षाचा मुलगा शत्रूच्या हाती पडू नये, म्हणून दोन स्कीवीरांनी त्याला घेऊन लिलहॅमरकडून डोंगर ओलांडला आणि पूर्वेच्या खोऱ्यात सुखरूप पोहोचवले. हा मुलगा पुढे नॉर्वेचा राजा झाला. या पक्षाचे लोक इतके गरीब, की पायांना बर्च झाडाची साल गुंडाळत. म्हणून त्यांना ‘बिर्केबायनर’ म्हणत. १९३२ पासून त्यांच्या नावाने रेना ते लिलहॅमर अशी ५४ किलोमीटरची शर्यत होते. तिचा नियम मोठा बोलका आहे. प्रत्येक स्पर्धकाने पाठीवर किमान साडेतीन किलोचे ओझे घेतलेच पाहिजे. ते ओझे म्हणजे तो राजपुत्र!

स्वीडनची गोष्ट अशीच. १५२०-२१ च्या हिवाळ्यात गुस्ताव वासा हा तरुण सरदार डॅनिश राजाविरुद्ध उठाव करा, असे मोरा गावच्या लोकांना विनवत होता. त्यांनी मनावर घेतले नाही. तो निराश होऊन नॉर्वेच्या दिशेने निघाला. मागाहून गावकऱ्यांना राजाने स्टॉकहोममध्ये केलेल्या कत्तलीची खबर कळली आणि त्यांनी दोन पटाईत स्कीवीर त्याच्या मागावर धाडले. सेलेनजवळ त्यांनी त्याला गाठले, परत आणले, अशी कथा आहे. १५२३ मध्ये तो राजा झाला.

पुढे चारशे वर्षांनी, फेब्रुवारी १९२२ मध्ये, अँडर्स पेर्स नावाच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाने लेख लिहिला, की या आठवणीसाठी सेलेन ते मोरा अशी शर्यत का घेऊ नये? वर्तमानपत्रातल्या सूचना बहुधा वर्तमानपत्रातच राहतात. इथे मात्र १९ मार्चला शर्यत झालीसुद्धा! ११९ जण धावले. ९० किलोमीटर अंतर एर्न्स्ट आल्म या २२ वर्षांच्या तरुणाने साडेसात तासांहून थोड्या अधिक वेळात कापले. दुसऱ्याच वर्षी मार्गिट नोर्डिन ही महिला धावली आणि लगेच १९२४ पासून बायकांना बंदी झाली, ती १९८१ पर्यंत टिकली. आज मार्चच्या पहिल्या रविवारी या ‘वासालोपेट’मध्ये पंधरा हजारांच्या आसपास माणसे सुटतात आणि वाटेत गरम ब्लूबेरीचे सार पितात. पंढरीच्या वारीत जसा वारकऱ्याला चहा-पाणी देणारा गावोगाव उभा असतो, तसे तिथले गावकरी वाटेवर उभे असतात.

या शर्यती मार्चमध्येच का, असा प्रश्न पडेल. डिसेंबर-जानेवारीत त्या मुलखात दिवस काही तासांचा आणि थंडी हाडे गोठवणारी. मार्चमध्ये ऊन येते, दिवस मोठा होतो आणि बर्फ अजून जमिनीवर असतो. नॉर्वेत तर ईस्टरच्या सुट्टीत डोंगरातल्या लाकडी घरांत राहायला जाण्याची रीतच आहे. आपल्याकडे मे महिन्यात चाकरमानी कोकणात गावी जातो आणि आंब्या-फणसांवर ताव मारतो. नॉर्वेचा चाकरमानी ईस्टरला डोंगरात जातो, दिवसा स्की करतो, उन्हात बसून संत्री खातो आणि रात्री रहस्यकथा वाचतो. मात्र तो जातो तेव्हा हंगाम सरत आलेला असतो, आणि सगळी गंमत आणि सगळी अडचण तिथेच आहे.

आता त्या वाटेकडे वळू. मराठीत ‘चाकोरी’ हा शब्द आपण जरा नाक मुरडूनच वापरतो. चाकोरीबाहेरचा म्हणजे चांगला. पण मूळ चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी मातीत पडलेल्या दोन समांतर रेषा. गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल त्या रेषांतून गाडी घरी आणीत. उत्तरेच्या जंगलात बर्फावर अगदी अशीच चाकोरी असते. दोन समांतर खाचा, त्यांत दोन स्की. पाय आळीपाळीने पुढे सरकतात, उलट हातातली काठी रेटा देते. या जुन्या चालीला ‘क्लासिक’ म्हणतात. फिनिश भाषेत चाकोरीला ‘लातू’ असा शब्द आहे. मागून येणारा घाईत असला, की ‘लातुआ!’ अशी आरोळी देतो. आपला हमाल बाजारात ‘बाजू, बाजू’ करतो, तसेच.

पूर्वी ही चाकोरी माणसेच पाडत. पुढचा चालला की मागच्यांना वाट मिळे. शर्यतीसाठी गावातली मंडळी आदल्या दिवशी बर्फ तुडवून ठेवत. ओस्लोमध्ये स्कीच्या प्रसारासाठी १८८३ मध्ये स्थापन झालेली संस्था शहरालगतच्या जंगलातल्या वाटांची निगा आजही राखते. पुढे घसरगाडीला जोडलेली साधने आली, आणि आता रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी यंत्रे आहेत. ती पुढून बर्फ सारखा करतात, मधून घुसळतात आणि मागून खाचा उठवतात. हे काम बहुधा संध्याकाळी किंवा रात्री करतात. घुसळलेला बर्फ थंडीत काही तास राहिला, की त्याचे कण एकमेकांना धरतात आणि वाट आवळून येते. जांभ्याचे अंगण चोपले, सारवले आणि वाळू दिले नाही, तर काय होते ते कोकणातल्या गृहिणीला सांगायला नको.

या चाकोरीवरून एकदा मोठा वादही झाला. १९८२ मध्ये बिल कॉक या अमेरिकन खेळाडूने विश्वचषक जिंकला. बर्फावरच्या स्केटिंगसारखा पाय तिरका बाजूला मारत तो चाकोरी सोडून धावे, आणि वेग जास्त मिळे. तीनच वर्षांत बहुतेक सगळे तसेच धावू लागले. जुन्या लोकांना वाटले, हजारो वर्षांची चाल आता बुडाली. शेवटी आंतरराष्ट्रीय संघटनेने तोडगा काढला. शर्यतींचे दोन प्रकार केले, एक ‘क्लासिक’ आणि दुसरा ‘मुक्त’. गायकीत घराणी राखावीत, तशी ही चाल नियमाने राखली गेली. म्हणूनच आज चाकोरी आहे आणि ती पाडणारी यंत्रेही आहेत.

क्लासिक चालीची सगळी खुबी एका विरोधात आहे. स्की घसरली तर पाहिजे, पण रेटा देताना ती मागे सटकता कामा नये. यासाठी स्की मधोमध धनुष्यासारखी किंचित उचललेली असते. दोन्ही पायांवर भार असताना मधला भाग बर्फाला टेकत नाही. एका पायावर पूर्ण भार दिला की टेकतो. त्या मधल्या भागाला विशिष्ट मेण लावतात. ताज्या हिमकणांना बारीक टोके असतात, ती मेणात रुततात आणि पकड मिळते. भार काढला की सुटतात. १९४६ च्या सुमारास मार्टिन माट्सबो या स्वीडिश खेळाडूने रसायनतज्ज्ञांच्या मदतीने थंडीच्या मानाने हिरवे, निळे, लाल अशा रंगांचे मेण तयार केले. त्याआधी डांबर, राळ, मधमाशीचे मेण असे ज्याच्या त्याच्या घरचे काढे असत आणि ते गुपित ठेवले जात.

हंगाम सरताना मात्र हे मेण निरुपयोगी ठरते. मार्चमधला बर्फ दिवसा वितळतो, रात्री गोठतो. असे पुन्हा पुन्हा झाले की हिमकणांची टोके झिजतात आणि जाड्या रव्यासारखे गोल दाणे उरतात. त्यांत रुतायला काही नाही. अशा वेळी वापरतात ती ‘क्लिस्टर’. नॉर्वेजियन भाषेत त्याचा अर्थ खळ. पतंगाला किंवा पुस्तकाला लावतो ती खळ. पीटर ऑस्टब्यू या नॉर्वेजियन खेळाडूने १९१३ च्या सुमारास ती तयार केली. काकवीसारखी दाट, फणसाच्या चिकासारखी चिवट. ती स्कीला लागते, तशीच हाताला, कपड्याला आणि मोटारीच्या गादीलाही लागते. तिकडचा प्रत्येक जण तिला शिव्या देतो आणि एप्रिलमध्ये तिच्यावाचून कुणाचेच चालत नाही. सकाळी चाकोरी काचेसारखी कडक, दुपारी तिचा चिखल. म्हणून या दिवसांत जाणकार भल्या पहाटे निघतात आणि ऊन चढायच्या आत परततात. पहाटेच मिठागरावर जाणाऱ्या आपल्या आगरी माणसाला हे वेळापत्रक अनोळखी वाटणार नाही.

पण शर्यत दुपारपर्यंत चालते आणि हजारो माणसांनी बर्फ मऊ पडलेला असतो. मग मीठ येते. याचे शास्त्र आपल्या घरात पूर्वी दर उन्हाळ्यात घडत असे. लाकडी बादलीचा, हाताने फिरवायचा आइस्क्रीमचा पॉट आठवा. मधल्या डब्यात आटवलेले दूध, भोवती बर्फाचे तुकडे आणि त्यांवर जाडे मीठ. मीठ बर्फाला वितळायला लावते. वितळायला उष्णता लागते, ती बर्फ आजूबाजूने ओढून घेतो. परिणामी ते मिश्रण शून्याच्याही बरेच खाली जाते आणि दूध गोठते. ओल्या बर्फावर मीठ टाकले की नेमके हेच होते. दाण्याभोवतीचा थोडा बर्फ वितळतो, आसपासचा गारठतो आणि कणांमध्ये साचलेले पाणी गोठून वरचा थर टणक होतो. मात्र मीठ जाडे हवे. बारीक मीठ लगेच विरघळून जाते. जाडा खडा सावकाश खाली उतरतो आणि थर खोलवर बांधतो. हा उपाय काही तासांपुरताच. प्रमाण चुकले तर वाट आणखी बिघडते.

फेब्रुवारी २०१४ मध्ये रशियातल्या सोची येथे हिवाळी ऑलिंपिक झाले. हवा इतकी उबदार, की बर्फ टिकेना. आयोजकांकडे मीठ होते, पण जाडे मीठ पुरेसे नव्हते. मग स्वित्झर्लंडहून २४ टन मीठ विमानाने आणावे लागले. समुद्रकाठच्या शहराला विमानाने मीठ! खारीच्या एखाद्या आजोबांनी हे ऐकले असते, तर कपाळावर हात मारला असता. त्याच ऑलिंपिकमध्ये १४ फेब्रुवारीला पुरुषांची १५ किलोमीटर क्लासिक शर्यत झाली. ख्रिस येस्पर्सन हा नॉर्वेचा खेळाडू बाह्या कापून आणि अर्ध्या चड्डीवर धावला. या शर्यतीत एक भारतीयही होता. जम्मूच्या राजौरी भागातला, सैन्यातला नदीम इक्बाल. तो ८५ वा आला. भारतीय ऑलिंपिक संघटनेवरची बंदी तीनच दिवस आधी उठली होती. त्यामुळे तिरंग्याखाली धावण्याचा मान त्याला मिळाला.

बर्फ टिकवण्याचा दुसरा उपाय म्हणजे लाकडाचा भुसा. हिवाळ्यात ढीग करायचा, भुशाचा जाड थर द्यायचा आणि उन्हाळाभर झाकून ठेवायचा. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडी तोच बर्फ पसरून चाकोरी पाडतात. स्वीडन, फिनलंड, स्वित्झर्लंड येथे हे सर्रास चालते. मुंबईकरांना ही युक्ती नवी नाही. १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने बोस्टनहून कलकत्त्याला १८० टन बर्फ जहाजाने धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे १०० टन शिल्लक राहिला, तो अशा आवरणाच्या जोरावर. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ मुंबई बंदरातही उतरला. त्या साली सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले गेले आणि यजमानांसकट पाहुण्यांना पडसे झाले, अशी चर्चा शहरात झाली. बर्फ परका, भोवतीचे मीठ मात्र इथले असणार.

आपल्या देशातला बर्फही आता हाच धडा गिरवतो आहे. गुलमर्गला स्की क्लब १९२७ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी काढला. स्वातंत्र्यानंतर काश्मीरच्या लढाईत उंचावरच्या बर्फात सैनिकांना हालचाल करता येणे किती गरजेचे आहे ते कळले, आणि डिसेंबर १९४८ मध्ये जनरल थिमय्यांच्या पुढाकाराने तिथे सैन्याची स्कीशाळा निघाली. तीच पुढे उंच प्रदेशातील युद्धशाळा झाली. स्कीवर लांब अंतर कापणारे आपले बरेचसे खेळाडू सैन्याकडूनच आले. पण केवळ तेच नाहीत. कर्नाटकातल्या कोडगूची, कॉफीच्या मुलखातली भवानी थेक्कड नंजुंडा या खेळात देशात आघाडीवर गेली. तिच्या जिल्ह्यात बर्फ पडत नाही. महाराष्ट्राची पथकेही ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धांना जातात, जरी आपली चमक बर्फावरच्या स्केटिंगमध्ये अधिक दिसली. २०२५ मध्ये गुलमर्गच्या स्पर्धा फेब्रुवारीत ठरल्या होत्या. बर्फच पडला नाही म्हणून त्या पुढे ढकलल्या आणि ९ ते १२ मार्चला घेतल्या. मार्च हा तिथे खरे तर हंगाम सरण्याचा महिना. तोच आता हंगामाचा महिना ठरला.

उत्तरेतही तेच. वासालोपेट शर्यत बर्फाअभावी १९३२, १९३४ आणि १९९० मध्ये रद्द करावी लागली होती. आता कृत्रिम बर्फ आणि साठवलेला बर्फ यांच्या आधाराने शर्यत होते. पण कित्येकदा आजूबाजूचे जंगल हिरवे-काळे आणि त्यातून बर्फाची एक पांढरी पट्टी, असे दृश्य असते. उपायांनाही किंमत आहे. स्कीच्या मेणातली फ्लोरिनयुक्त रसायने माती-पाण्यात साठून राहतात, म्हणून २०२३-२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्यांच्यावर बंदी आली. मीठही जास्त झाले, तर वितळलेल्या पाण्याबरोबर ते जमिनीत आणि ओढ्यात उतरते. खारे पाणी शेतात शिरले की काय होते, हे ठाणे जिल्ह्यातल्या खारजमिनीवर बांध घालून भात पिकवणाऱ्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

मिठागर आणि बर्फातली चाकोरी, दोन्ही माणसाने हंगामाशी जमवून घेतल्याच्या खुणा आहेत. एकाला कडक ऊन हवे, दुसरीला कडक थंडी. दोघांचाही वैरी अवकाळी पाऊस. तयार होत आलेल्या वाफ्यावर एक सर पडली, की आठवड्यांची मेहनत पाण्यात. रात्रभर खपून पाडलेल्या चाकोरीवर एक सर पडली, तरी तेच. फरक एवढाच, की उत्तरेच्या लोकांनी आपली चाकोरी हरवू नये म्हणून नियम केले, संस्था काढल्या, शर्यती भरवल्या आणि तिच्यासाठी भुसा, यंत्र, मीठ असे सगळे पणाला लावले. आपल्याकडे मीठ पिकवणाऱ्याची विद्या कुठल्या शाळेत शिकवली जात नाही. कोणत्या वाऱ्याला खडा जाड येतो, पाणी कधी सोडायचे, वाफा किती चोपायचा, हे ज्यांना ठाऊक आहे अशी माणसे अजून खाडीकाठच्या गावांत आहेत. त्यांना विचारून ते लिहून ठेवण्यासाठी बर्फ पडायची वाट पाहावी लागत नाही.